पत्रके सहा भाषांत, तरीही सभागृह रिकामे

एका अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या हद्दीत गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांतून आणि प्रांतांतून आलेली कुटुंबे स्थायिक झाली आहेत. आग, पूर आणि अचानक उद्भवणारे आजार यांविषयीची माहितीपत्रके सहा भाषांत छापून वाटली, सुरक्षिततेवर सभा बोलावल्या. पण सभांना चार-पाच माणसे येतात, मदतीसाठी फोन उशिरा येतो आणि पथक पोहोचल्यावर कधी कधी दारच उघडले जात नाही. नेमके काय चुकते आहे आणि सातव्या भाषेत पत्रक काढावे का, असे त्यांनी विचारले आहे. आधी बचावकार्यात आणि नंतर लोकसंपर्काच्या कामात बरीच वर्षे घालवल्यावर जे हाती लागले, ते इथे मांडतो.

भाषांतर हा या कामातला सर्वांत सोपा भाग असतो, आणि म्हणूनच बहुतेक यंत्रणा तिथून सुरुवात करतात व तिथेच थांबतात. पत्रक छापले की खर्चाची नोंद होते, अहवालात आकडा येतो आणि काम झाल्यासारखे वाटते. परंतु ज्या माणसाच्या घरात धूर भरला आहे त्याच्या मनातले प्रश्न वेगळे असतात. फोन केला तर कोण येईल? सोबत पोलीस येतील का? माझी कागदपत्रे तपासतील का? याचे बिल किती येईल? घरमालकाला कळले तर घर सोडावे लागेल का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मी पाहिलेल्या बहुतेक पत्रकांत नव्हते. तिथे गॅस बंद करण्याची पद्धत मात्र सचित्र दिलेली होती. लोक उशिरा फोन करतात याचे कारण अनेकदा अज्ञान नसून हिशेब असतो, आणि तो हिशेब त्यांच्या पूर्वानुभवावर बेतलेला असतो. ज्या देशात गणवेशातला माणूस दारात येणे म्हणजे अटक किंवा खंडणी असा अर्थ होता, तिथून आलेल्या कुटुंबाला हेल्मेट घातलेला जवान आणि बंदूकधारी शिपाई यांतला फरक मध्यरात्री, धुरात, ओरडाआरड्यात कळावा ही अपेक्षाच चूक आहे. तो फरक त्याआधी, दिवसाउजेडी कळलेला असावा लागतो.

भाषेचा भाग दुय्यम आहे असे मला म्हणायचे नाही. 22 मे 1987 रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या सारागोसा या छोट्या वस्तीवर टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे वादळ, आले, त्यात 30 माणसे मरण पावली; त्यांतली बरीचशी बालवर्गाच्या निरोपसमारंभासाठी एका सभागृहात जमलेली होती. वस्ती प्रामुख्याने स्पॅनिश बोलणारी होती. इशारा दिला गेला होता, पण तो इंग्रजी माध्यमांतून. आणि ही कुटुंबे जी स्पॅनिश वाहिनी पाहत, तिचे कार्यक्रम दूरच्या शहरातून येत असल्याने स्थानिक धोक्याची सूचना तिच्यावर धडपणे पोहोचलीच नाही. इशाऱ्याची भाषा आणि इशाऱ्याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या घटनेनंतर अभ्यासकांनी ठळकपणे मांडले. लोक कोणती भाषा बोलतात याची यादी जनगणनेत मिळते. ते बातमी कुठून ऐकतात याची यादी कोणत्याही कार्यालयात मिळत नाही, ती विचारूनच तयार करावी लागते. कुणाचा भरवसा प्रार्थनास्थळाच्या ध्वनिक्षेपकावर असतो, कुणाचा मायदेशातल्या भावाने पाठवलेल्या ध्वनिसंदेशावर, तर कुणाचा मुलांच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर.

शब्दांच्या निवडीतही असेच सापळे असतात. अमेरिकी हवामान खाते ‘वॉर्निंग’ या सर्वांत गंभीर सूचनेसाठी स्पॅनिशमध्ये ‘आव्हिसो’ हा शब्द वापरत आले आहे. पण सर्वसामान्य बोलण्यात त्याचा अर्थ ‘सूचना’ किंवा ‘कळवणे’ इतकाच होतो, त्यामुळे धोका अगदी दाराशी आला आहे ही तातडी त्यातून पोहोचत नाही, अशी टीका झाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या इशाऱ्यांच्या तीन पायऱ्यांपैकी मधल्या पायरीचे नाव ‘वॉच अँड ॲक्ट’ आहे. त्याचे शब्दशः भाषांतर ‘पाहा आणि कृती करा’ असे होईल, आणि ते वाचणारा माणूस नक्की पाहत बसेल की निघेल हे सांगता येणार नाही. अशा वेळी भाषांतरकाराला दोष देण्यात अर्थ नसतो, कारण मूळ वाक्यच यंत्रणेच्या अंतर्गत सोयीचे असते.

म्हणून माझा पहिला आग्रह मूळ मजकूर सोपा करण्याचा असतो. या बाबतीत जपानचा अनुभव फार उपयोगी आहे. 17 जानेवारी 1995 च्या कोबे भूकंपात 6,400 हून अधिक लोक मरण पावले. तिथे राहणाऱ्या अनेक परदेशी रहिवाशांना जपानी कळत होती, पण बाजारहाटापुरती. सरकारी घोषणांतले जड शब्द त्यांच्या डोक्यावरून गेले. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या भाषाभ्यासकांनी ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, ही आपत्तीसाठीची भाषापद्धती विकसित केली. ‘उंच भूभागी स्थलांतर करावे’ यासारख्या वाक्याऐवजी ‘उंच जागी पळा’, आणि ‘पश्चात्‌कंप’ याऐवजी ‘नंतर येणारा भूकंप’, असा तिचा नियम. 1 जानेवारी 2024 रोजी नोटो द्वीपकल्पातल्या भूकंपानंतर जपानच्या सार्वजनिक वाहिनीने पडद्यावर लहान मुलालाही वाचता येईल अशा हिरागाना लिपीत ‘त्सुनामी! पळा!’ असे मोठ्या अक्षरांत दाखवले. गंमत अशी, की सोप्या भाषेचा लाभ परक्यांपुरता राहत नाही. घाबरलेला माणूस कितीही शिकलेला असला तरी त्या क्षणी त्याला लहान वाक्यच कळते. ‘सखल भागातील रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ हे वाक्य ज्याला नीट कळते त्याने अर्धी परीक्षा आधीच दिलेली असते.

कोबेमध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे मात्र यंत्रणांचे तितके लक्ष गेलेले नाही. भूकंपानंतर दोन आठवड्यांच्या आत नागाता भागात कोरियन रहिवाशांनी छोटे रेडिओ केंद्र सुरू केले, पुढे व्हिएतनामी रहिवाशांसाठी दुसरे निघाले, आणि दोन्ही मिळून बहुभाषिक ‘एफएम वायवाय’ हे केंद्र उभे राहिले. त्यांना कुणी आदेश दिला नव्हता. समाजाकडे स्वतःची संपर्कयंत्रणा असते, किंवा ती तो काही दिवसांत उभी करतो. आपले काम तिच्याशी शांतकाळात ओळख करून घेणे आणि खात्रीची माहिती तिला इतरांच्या बरोबरीने, त्याच क्षणी, देणे हे आहे.

धोक्याची कल्पना प्रत्येकाच्या पूर्वायुष्यावर ठरते, हे समजायला मला बराच काळ लागला. डिसेंबर 2006 मध्ये अमेरिकेच्या सिॲटल परिसरात वादळाने वीज गेली. थंडीने काकडलेल्या अनेक स्थलांतरित कुटुंबांनी बंद घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, काहींनी घराला लागून जनरेटर चालवले आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली. यात बेफिकिरी नव्हती. ज्या घरांत ही माणसे वाढली होती त्यांच्या फटींतून, छपरातून आणि उघड्या दारांतून वारा खेळत असे, त्यामुळे शेगडी तिथे जीव घेत नसे. नव्या देशातले घर थंडीसाठी हवाबंद केलेले होते. ‘सिॲटल टाइम्स’ने त्या दिवसांत पहिल्या पानावर अनेक भाषांत या वायूविषयीची सूचना छापली, आणि पुढे तिथल्या आरोग्य खात्याने चित्रांवर भर देणारे साहित्य तयार केले. ‘कोळसा घरात पेटवू नका’ एवढेच सांगितले तर आजीला ते पटत नाही, कारण तिने आयुष्यभर पेटवला आहे. ‘हे घर वेगळे आहे, इथे धूर न दिसता वायू साठतो’ असे सांगितले तर तिला पटते, आणि ती शेजारणीलाही सांगते. बंदी सांगण्यापेक्षा कारण सांगायला एखादे मिनिट जास्त लागते, पण ते वाया जात नाही.

आता विश्वासाकडे वळतो, कारण तुमच्या रिकाम्या सभागृहाचे उत्तर तिथेच आहे असे मला वाटते. 4 जुलै 2020 रोजी मेलबर्नमधल्या नऊ सार्वजनिक निवासी इमारतींत, कोविडच्या कारणाने, कोणतीही आगाऊ सूचना न देता टाळेबंदी लागू झाली. सुमारे 3,000 रहिवासी आत अडकले. त्यांत अनेक जण युद्धग्रस्त देशांतून आलेले निर्वासित होते. त्यांना प्रथम जे दिसले ते दारादाराशी उभे असलेले पोलीस होते. दुभाषे, औषधे आणि समजावणारी माणसे नंतर आली. स्थानिक तरुणांनी स्वतःच सूचनांची भाषांतरे करून रहिवाशांना पाठवली. राज्याच्या लोकपालांनी डिसेंबर 2020 च्या अहवालात त्या तत्काळ अंमलबजावणीला मानवी हक्कांशी विसंगत ठरवले. संसर्ग रोखण्याचा हेतू चुकीचा होता असे कुणी म्हटले नाही. परंतु अशा एका दिवसाची आठवण पुढची कित्येक वर्षे दाराच्या आत राहते आणि त्या दारावर थाप मारणाऱ्या अग्निशमन जवानाला, तिच्याशी काही संबंध नसताना, तिची किंमत मोजावी लागते. म्हणून आपल्या हद्दीत यापूर्वी काय घडले आहे, कुणाच्या हातून घडले आहे, हे आधी विचारून ऐकून घ्या. ऐकताना समर्थन करू नका; तो मोह फार होतो.

विश्वास तुटल्यावरही तो पुन्हा बांधता येतो याचे मला माहीत असलेले सर्वांत मोठे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या 2014 च्या इबोला साथीचे आहे. ‘इबोला मारतो, त्याला औषध नाही’ असा संदेश सुरुवातीला सर्वत्र गेला. लोकांनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला: औषध नसेल तर रुग्णाला परक्यांच्या तंबूत मरायला का पाठवायचे? पांढऱ्या पोशाखातली पथके मृतदेह पिशवीत घालून नेत, कुटुंबाला अखेरचे दर्शन मिळत नसे, म्हणून घरोघरी आजारी माणसे लपवली जाऊ लागली आणि मृतांना रात्री गुपचूप पुरले जाऊ लागले. नोव्हेंबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धार्मिक व मदतसंस्थांच्या सोबतीने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनविधीची नवी पद्धत जाहीर केली. कुटुंबाला सुरक्षित अंतरावरून उपस्थित राहता येईल, धर्मगुरू प्रार्थना म्हणतील, कबर कुठे खणायची आणि तिच्यावर नाव कसे लिहायचे हे घरचे ठरवतील, आणि पथक पोशाख चढवण्याआधी साध्या कपड्यांत येऊन कुटुंबाशी बोलेल. विषाणूविषयीचे एकही शास्त्रीय बंधन यात सैल झाले नव्हते. बदलली होती ती पथकाची वागण्याची रीत. ‘त्यांना कसे पटवावे’ या प्रश्नाऐवजी ‘आमच्या पद्धतीत काय बदलता येईल’ हा प्रश्न विचारल्यावर काम पुढे सरकले, आणि हाच प्रश्न मी तुमच्या केंद्रात पहिल्या बैठकीत ठेवीन.

प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी? सभा बोलावणे बंद करा, निदान काही काळ. त्यांच्या सभेला जा. भाषावर्ग, महिलांचे बचतगट, खेळाचे मैदान, प्रार्थनेनंतरची गर्दी, नव्याने आलेल्यांना मदत करणारी कार्यालये, अशा ठिकाणी आधी ओळखीसाठी जावे आणि पहिल्या दोन-तीन भेटींत पत्रक काढूच नये. त्यांना तुमच्याकडून जे हवे आहे ते बहुधा वेगळेच असते: इमारतीचा जिना सामानाने अडला आहे, मुलाला जवान व्हायचे आहे, घरमालक धूरसूचक यंत्र बसवत नाही. यांतले एखादे काम करून दिले की पुढचे दार उघडते. इथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. प्रत्येक समाजात पुढे येऊन ‘आमच्या लोकांचे मी बघतो’ असे सांगणारा एक वजनदार गृहस्थ भेटतोच, आणि यंत्रणेला तो सोयीचा वाटतो कारण एका फोनवर काम झाल्यासारखे होते. त्याला मान द्यावा, पण त्याच्यापाशी थांबू नये. बायका, तरुण, गेल्या वर्षीच आलेली कुटुंबे, त्याच भाषेतला दुसरा पंथ किंवा मायदेशात त्याच्या विरोधी गटात असलेली माणसे त्याच्या नजरेत नसतात, आणि घरात एकटी अडकलेली म्हातारी बाई तर कुणाच्याच नजरेत नसते. त्यांच्यापर्यंतची वाट वेगळी शोधावी लागते, बहुधा एखाद्या परिचारिकेमार्फत किंवा शाळेतल्या शिक्षिकेमार्फत.

आणि या माणसांच्या वेळेचे पैसे द्या. सल्लागाराला मानधन, छपाईला बिल, पण तीन संध्याकाळी बसून तुमचा मजकूर दुरुस्त करणाऱ्या बाईला चहा आणि प्रशस्तिपत्र, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता त्याचा रागही येत नाही.

बाहेरचे हे काम चालू असताना नियंत्रण कक्ष तयार नसेल तर सगळे व्यर्थ जाते. फोन करायला शिकवले आणि फोन उचलणाऱ्याने दोनदा ‘काय? काय?’ म्हणून फोन ठेवून दिला, तर ती गोष्ट आठवडाभरात सगळ्या वस्तीत पसरते. फोनवरून दुभाषा जोडून देणारी सेवा काही नवी नाही. 1982 मध्ये सॅन होझे शहरातल्या पोलिसांना व्हिएतनामी निर्वासितांशी बोलता यावे या गरजेतून ती अमेरिकेत सुरू झाली आणि आज अनेक देशांत चोवीस तास उपलब्ध आहे. अडचण बहुधा सेवा नसण्याची नसून ती वापरण्याचा सराव नसण्याची असते. फोन घेणाऱ्याला भाषा ओळखता आली पाहिजे, दुभाषा जोडेपर्यंत रुग्णवाहिका रवाना झालेली असली पाहिजे आणि रंगीत तालमीत दर वेळी निदान एक फोन परक्या भाषेत आला पाहिजे. समाजाच्या बाजूने इतकेच शिकवणे पुरते: आपत्कालीन क्रमांक, ‘आग’, ‘रुग्णवाहिका’, ‘पोलीस’ यांचे स्थानिक शब्द, आपल्या भाषेचे नाव आणि आपला पत्ता. हे पाच-सहा शब्द पाठ असलेली सहा वर्षांची मुलगी घर वाचवू शकते.

मात्र त्याच मुलीला घटनास्थळी दुभाषी करू नये. आईच्या छातीतल्या कळा किंवा वडिलांनी केलेली मारहाण मुलाच्या तोंडून वदवून घेणे अन्यायाचे आहे, आणि मिळणारी माहितीही अपुरी असते. पहिल्या दोन मिनिटांत दुसरा इलाज नसेल तर ‘आणखी कोण आत आहे?’ एवढे विचारावे आणि लगेच फोनवरच्या दुभाष्याकडे वळावे. दुभाष्याशी बोलताना नजर समोरच्या माणसाकडे असावी, वाक्ये छोटी असावीत, आणि दुभाषा त्याच भाषेचा असला तरी विरोधी गटातला वाटून रुग्ण गप्प झाला आहे का, याचे भान असावे.

आदेश बदलावा लागतो तेव्हा हे सगळे कसाला लागते. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये लागलेल्या आगीत 72 जणांचा बळी गेला. पहिला फोन रात्री 12.54 ला आला आणि ‘घरातच थांबा’ ही सूचना 2.47 पर्यंत मागे घेतली गेली नाही. अनेक भाषा बोलणाऱ्या त्या इमारतीच्या चौकशीत पुढे अशी शिफारस झाली, की आगीविषयीच्या सूचना रहिवाशांना समजतील अशा स्वरूपात देणे इमारतीच्या मालकावर कायद्याने बंधनकारक असावे. आग रमजानच्या महिन्यात लागली होती. चौकशीच्या दुसऱ्या अहवालाने विस्थापितांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक गरजांकडे स्थानिक प्रशासनाने पुरेसे लक्ष दिले नाही असे नोंदवले, आणि ती उणीव परिसरातली प्रार्थनास्थळे व स्वयंसेवक गटांनी भरून काढली. निवारा केंद्राची यादी करताना जेवण, प्रार्थनेची जागा, स्त्रियांसाठी आडोसा आणि मृतदेहाविषयीचे रिवाज या गोष्टी शेवटच्या ओळीत टाकू नयेत. मार्च 2019 मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधल्या मशिदींवरील हल्ल्यात 51 जण मारले गेले. लवकर दफन करण्याची धार्मिक निकड आणि ओळख पटवण्याची कायदेशीर प्रक्रिया यांत तिथे ताण आला, आणि तो हाताळायला प्रक्रिया समजावून सांगणारी, दोन्ही बाजूंचा भरवसा असलेली माणसे लागली. अशी माणसे घटनेच्या दिवशी नेमता येत नाहीत.

भरतीविषयी थोडक्यात: त्या समाजातला एक जवान नेमून त्याच्यावर सगळी भाषांतरे आणि सगळ्या सभा लादू नका. तो दोन वर्षांत थकून जातो, आणि त्याच्यासोबत तुमचा सारा संपर्क जातो.

राहिला प्रश्न सातव्या भाषेचा. आत्ता काढू नका. असलेली सहा पत्रके घ्या, प्रत्येक भाषेतल्या चार-पाच सामान्य वाचकांसमोर ठेवा आणि ‘कळले का?’ असे न विचारता ‘आता समजा, स्वयंपाकघर पेटले आहे, हे वाचून तुम्ही काय कराल?’ असे विचारा. उत्तरे लिहून घ्या. माझा अंदाज आहे की सहांपैकी दोन-तीन पत्रकांत अर्थच उलटलेला सापडेल, एखाद्या भाषेतले लोक ती बोलतात पण वाचतात दुसरीच असे कळेल (रोहिंग्यांसारख्या समाजात तर सर्वमान्य लिपीच नसल्याने ध्वनिसंदेशालाच प्राधान्य द्यावे लागते), आणि एका भाषेचे वाचक तुमच्या हद्दीतून कधीच निघून गेलेले असतील. सातव्या पत्रकाच्या छपाईसाठी ठेवलेले पैसे या बैठकांच्या मानधनाला आणि दीड मिनिटाच्या काही ध्वनिफितींना वापरा. त्या फितींतला आवाज वस्तीतल्याच कुणाचा तरी असू द्या, आणि पहिल्या वाक्यात हे सांगा की फोन केल्यावर कोण येते आणि ते काय विचारत नाहीत.